पोट भरलं, पण हाडं उपाशी



फाल्गुन सरला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे गच्चीवरची वाळवणं आणि दुसरी म्हणजे दारात येणारी पिल्लं. सोसायटीतल्या झाडांची छाटणी होते आणि खारीचं घरटं खाली येतं. उसाचा शेवटचा फड तोडताना सशाची, नाहीतर रानमांजराची पिल्लं उघडी पडतात. पोपटाचं पिल्लू ढोलीतून पडतं, घारीचं उंच झाडावरून. मुलं ते उचलतात आणि थेट स्वयंपाकघरात आणतात, कारण त्यांच्या लेखी सगळ्या दुःखांवरचा इलाज आईच्या स्वयंपाकघरातच असतो. आपल्या घरांत तर "नको, बाहेर ठेव" असं कुणी म्हणतही नाही. बुटाचं खोकं येतं, मऊ जुन्या साडीचा तुकडा येतो, ड्रॉपर येतो आणि वाटीभर दूध येतं.

आज मला त्या वाटीभर दुधाबद्दलच बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. पोरक्या पिल्लाला जवळ घेण्यात आपण कुठेच कमी पडत नाही. पण त्याच्या अंगाला काय कमी पडतंय हे ओळखायला आपण शिकत नाही. आणि मग आपलीच दया त्या जिवाला उपाशी ठेवते, त्याचं पोट भरलेलं असतानाही.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात. शेवटच्या शब्दाचा अर्थ आपण एवढाच घेतो, की दावणीच्या जनावराचं चारा-पाणी तोडायचं नाही. तोडत नाही आपण. पण ज्या जिवाला जे अन्न लागतं ते न देता भलतंच काही पोटात ढकललं, तर त्याला काय म्हणायचं? माझ्या मते तोही अन्नपाननिरोधच. फक्त तो दिसत नाही, कारण वाटी भरलेली असते.

दूध सगळ्यांचं सारखं नसतं

प्रत्येक आईचं दूध तिच्या पिल्लाच्या वाढीच्या हिशोबाने बनलेलं असतं. गाईच्या दुधात साधारण साडेतीन-चार टक्के स्निग्धांश आणि पावणेपाच टक्क्यांच्या आसपास दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं याहून कितीतरी जास्त असतात. सशाचं दूध तर गाईच्या दुधापेक्षा कित्येक पट दाट असतं आणि त्यात लॅक्टोज अगदी थोडं असतं. म्हणूनच सशीण दिवसातून एखाद्याच वेळी, बहुधा अंधार पडताना येऊन पिल्लांना पाजते आणि निघून जाते. त्या एका वेळेत त्यांचं भागतं.

आता अशा पिल्लाला आपण गाईचं दूध पाजलं, तेही पचायला हलकं व्हावं म्हणून निम्मं पाणी घालून, तर काय होईल? जे हवं ते आणखी पातळ झालं आणि जी साखर पचत नाही ती पोटात गेली. पोट तट्ट फुगतं, हिरवट-पिवळे पातळ जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू मान टाकतं. शेळीचं दूध चालतं असं बऱ्याच जणी सांगतात. पण लॅक्टोज शेळीच्या दुधातही असतंच.

पक्ष्यांचा तर दुधाशी संबंधच नाही. दुधाची साखर त्यांना पचवता येत नाही. पारवा आपल्या पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतून जे 'दूध' भरवतो, ते नावापुरतं दूध. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, लॅक्टोज नसतं, आणि ते आई-बाप दोघंही भरवतात. तेव्हा पोपटाच्या किंवा चिमणीच्या पिल्लाला दुधात भिजवलेली पोळी देणं हे आपल्याला कितीही मायेचं वाटलं, तरी ते त्याचं अन्न नाही.

आणि हे समजायला जाणत्यांनाही वेळ लागतो. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनी पोरक्या हत्तीच्या पिल्लांना वाढवण्यात आयुष्य घालवलं. दूध पिणारी अगदी लहान पिल्लं त्यांच्या हातात वर्षानुवर्षं दगावत होती, कारण गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिल्लाला सोसत नाही. नारळाच्या तेलाचा आधार घेऊन योग्य मिश्रण बसवायला त्यांना जवळजवळ तीन दशकं लागली. त्यांच्या प्रेमात काही उणं होतं का? नव्हतं. उणी होती ती माहिती, आणि ती मिळेपर्यंत त्या शोधत राहिल्या. आपण मात्र पहिल्याच संध्याकाळी दुधाची वाटी ठेवून निश्चिंत होतो.

हाडं का मोडतात?

पोट बिघडलेलं निदान दिसतं तरी. खरा घात होतो तो न दिसणारा. पिल्लू दूध-भात, पोळी, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया मजेत खातं. गुबगुबीत होतं, अंगाखांद्यावर खेळतं. घरातले सगळे कौतुक करतात. आणि महिन्या-दीड महिन्याने एक दिवस खारीचे मागचे पाय घसटायला लागतात. पोपटाच्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात, त्याला उभं राहता येत नाही. "कुठेतरी पडलं असेल," असं आपण म्हणतो. ते पडलेलं नसतं. त्याची हाडं आतून पोकळ झालेली असतात.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवं, साधारण दुपटीपर्यंत. निदान कमी तरी नको. शेंगदाण्यात मात्र उलट आहे, कॅल्शियमच्या चौपट फॉस्फरस. सूर्यफुलाच्या बियांत तर आठपट. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहिलं नाही तर हृदय आणि स्नायू चालत नाहीत. म्हणून ते कमी पडलं की शरीर हाडांतून काढून घेतं. घरखर्च भागत नाही म्हणून दर महिन्याला एक दागिना मोडावा, तसं. बाहेरून संसार व्यवस्थित चाललेला दिसतो आणि तिजोरी रिकामी होत जाते. ज्या दिवशी हाड मोडतं, त्या दिवशी शेवटचा दागिना गेलेला असतो.

त्यात भर म्हणजे ऊन नसणं. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि पुष्कळ प्राण्यांच्या अंगात ते उन्हामुळे तयार होतं. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याच्या उपयोगाचं नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. म्हणजे काचबंद गॅलरीतलं खोकं उबदार असतं, पण पिल्लाच्या हाडांना त्यातून काही मिळत नाही.

प्रत्येक जातीची गरजही वेगळी. कोंबडी किंवा पारवा आपल्या शरीरात क जीवनसत्त्व बनवू शकतात. आपल्या अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाला ते बनवता येत नाही, हे कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच दाखवलं होतं. आपण माणसं आणि माकडंही ते बनवू शकत नाही. त्यामुळे माकडाचं पिल्लू नुसत्या दूध-बिस्किटावर ठेवलं, तर त्याच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागतं. दोन पक्षी शेजारी-शेजारी बसलेले दिसतात म्हणून दोघांचं ताट एकच असतं असं नाही.

काय बघायचं?

हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. ज्या बाईला पोळीच्या रंगावरून तव्याचा ताव कळतो, तिला हेही कळेल. फक्त नजर लावायला हवी.

पहिलं म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज एकाच वेळी, खायला देण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन रोज थोडं तरी वाढायला हवं. दोन दिवस वजन जागचं हललं नाही, तर पिल्लू कितीही गोड दिसत असलं तरी काहीतरी चुकतंय.

दुसरं, अंगातलं पाणी. मानेमागची कातडी हलक्या चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, डोळे खोल गेले, लघवी गडद झाली, तर पाणी कमी पडलंय.

तिसरं, पोट आणि विष्ठा. ढोलकीसारखं ताणलेलं पोट आणि पातळ, दुर्गंधीची विष्ठा म्हणजे अन्न चुकीचं आहे किंवा फार होतंय. पक्ष्याच्या छातीवरून बोट फिरवून बघा. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, तर तो पक्षी बरेच दिवस उपाशी आहे.

चौथं, चाल. चढायला टाळाटाळ, मागच्या पायांना कंप, पाय ओढणं, पंख लोंबणं, चोच बोटाने दाबली तर लवचीक लागणं, उचलताना पिल्लू कळवळणं. या सगळ्या हाडांच्या तक्रारी आहेत. झटके यायला लागले तर वेळ फार थोडा उरलेला असतो.

पाचवं, केस आणि पिसं. खारीच्या अंगावर विरळ टकलं पडतात. पक्ष्याच्या पिसावर आडवी फिकट रेघ उमटते. पीस वाढत असताना जितके दिवस उपासमार झाली, त्याची ती नोंदच असते आणि पुढे पीस तिथेच मोडतं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाचे डोळे सुजतात, नाकातून पाणी येतं, तोंडात पांढरे ठिपके येतात. ही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण.

शेवटचं म्हणजे आवाज. सारखं ओरडणारं पिल्लू भुकेलं किंवा गारठलेलं असतं. ओरडायचं थांबून गप्प पडून राहिलेलं पिल्लू "शांत झोपलंय" असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते झोपलेलं नसतं, ते संपत चाललेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, "आमच्या आजीने दूध-पोळीवर पोपट वाढवला, चांगला पंधरा वर्षं जगला!" जगला असेल. पण जी जगली त्यांचीच गोष्ट घरात सांगितली जाते. जी चौथ्या दिवशी गेली, ती परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली गेली. णमोकार म्हटला आणि "त्याचं आयुकर्म संपलं" असं म्हणून आपण हात धुतले. मला हे वाक्य हल्ली टोचतं. आयुकर्म आहेच, पण आपल्या अज्ञानाचं ओझं आपण त्याच्यावर टाकायला नको. दशवैकालिक सूत्रातही ज्ञानाला दयेच्या आधीची जागा दिलेली आहे. आपण मात्र दया आधी उरकतो आणि ज्ञान राहूनच जातं.

मांस खाणारं पिल्लू दारात आलं तर

आता अवघड प्रश्न. आलेलं पिल्लू घारीचं असलं, पिंगळ्याचं असलं, रानमांजराचं असलं तर?

आपल्या घरांतून त्याला पनीर, दूध-भात, भिजवलेली डाळ दिली जाते. देणारीचा हेतू निर्मळ असतो. पण रानमांजर हे मांजरच. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांसातच असतो. तो मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा निकामी होऊन ते आंधळं होतं, हृदय कमजोर होतं. घारीच्या पिल्लाला तर नुसतं मांसही पुरत नाही. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. त्यामुळे मांसाहारी घरात खिम्यावर वाढलेल्या घारीचीही हाडं वाकतात. आई पिल्लाला हाडांसकट अख्खं भक्ष्य भरवते, म्हणून तिच्या पिल्लांची हाडं घट्ट असतात. इतकंच काय, दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना पहिले दिवस अळ्या आणि किडेच भरवते.

हे आपण करू शकत नाही, आणि करावं असं मी म्हणतही नाही. पण मग जे आपल्याला देता येत नाही ते मागणारा जीव आपल्याकडे ठेवून घेण्याचा हक्क आपल्याला आहे का? मला वाटतं, नाही.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं मोठं रुग्णालय आहे. मांस खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून ठेवायचं नाही, अशी तिथली पद्धत आहे. काही लोक त्यावर टीका करतात. मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. घार ठेवून घेऊन तिला दाणे चारण्यापेक्षा "हे आमच्याने होणार नाही" हे सांगणं बरं. पण हे वाक्य तिथेच संपता कामा नये. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोन भाऊ वर्षानुवर्षं जखमी घारींवर उपचार करत आले आहेत. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ सालचा माहितीपट त्यांच्यावरच आहे. आपल्याला जे जमत नाही ते कुणीतरी करतंय. जीव त्याच्यापर्यंत वेळेत पोचवणं एवढं तरी आपलं काम आहेच.

काही जणींच्या मनात इथे शंका येते. पिल्लू केंद्रात दिलं आणि तिथे त्याला मांस दिलं गेलं, तर कृत, कारित, अनुमोदना यांतलं कारित किंवा अनुमोदना आपल्या माथी येणार नाही का? शंका खोटी नाही, तिची टिंगलही करू नये. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आपल्या महाराजांना जरूर विचारावं. माझं गृहिणीचं मत असं: त्या पिल्लाचं अन्न आपण ठरवलेलं नाही, त्याच्या तिर्यंच गतीने ठरवलेलं आहे. ते झाडावर असतं तर आईने तेच भरवलं असतं. आपण त्याला त्याच्या आयुष्याकडे परत पाठवतो, बस. उलट त्याला घरात अडवून, आपलं अन्न चारून त्याची हाडं हळूहळू मोडू देणं, यात बंध आणि अन्नपाननिरोध दोन्ही आले. आणि तेही कृत, आपल्याच हाताने.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी, पिल्लू खरंच पोरकं आहे का ते बघायचं. अंगभर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं आणि त्याचे आई-बाप जवळच असतात. त्याला मांजरापासून वाचवून फांदीवर ठेवलं की पुरे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. सशाचं पिल्लू एकटं दिसतं कारण आई रात्रीच येते. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले की वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या केंद्रातले डॉक्टर ते त्याच शेतात संध्याकाळी खोक्यात ठेवतात, आणि आई रात्री येऊन ते घेऊन जाते. असं कितीतरी वेळा झालेलं आहे. पिल्लासाठी आईइतकं अचूक अन्न कुणाकडेच नसतं.

आई खरंच नसेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाल्यावर त्याला सरकता येईल. उताणं धरून ड्रॉपरने काही पाजू नका. नाकातून बुडबुडे आले तर दूध फुप्फुसात गेलं असं समजा. पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका, कारण त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. फार उपाशी पिल्लाला एकदम पोटभर खायला घातलं तर तेही जिवावर बेततं. आणि आपल्या औषधाच्या डब्यातली कॅल्शियमची गोळी कुटून देऊ नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात. लवकर दाखवलं तर डॉक्टरच्या औषधाने हाडं सावरतात. मणका मोडल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

त्याच दिवशी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पुण्याकडच्यांना बावधनचं रेस्क्यूचं केंद्र आहे. गावात पशुवैद्य असतोच. पोपटासारखे वन्य पक्षी घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगा. खारीच्या डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा भरवावं लागतं. त्याला चौविहार नसतो! हे आपल्या घरात किती दिवस निभेल, याचा विचार पहिल्याच दिवशी करावा.

आणि शेवटी दानाबद्दल. पर्युषणात, दशलक्षणात आपण जीवदयेसाठी हात सैल सोडतो. चाऱ्याची गाडी जाते, पांजरपोळाला पावती फाटते. ते चालूच राहू दे. त्यातला थोडा भाग एखाद्या उपचार केंद्राला एक्स-रेसाठी, ऊब देणाऱ्या पेटीसाठी, पिल्लांच्या योग्य दुधाच्या डब्यांसाठी द्या. महिला मंडळाच्या एका बैठकीला पशुवैद्याला बोलावून वरच्या खुणा प्रत्यक्ष समजून घ्या. पाठशाळेतल्या मुलांनाही बसवा, कारण पिल्लू आधी त्यांच्याच हातात येतं.

यंदा कुणी खोक्यात पिल्लू घेऊन आलं, तर दुधाची वाटी भरण्याआधी एकच प्रश्न विचारूया: हा जीव कोणत्या आईचा, आणि ती याला काय भरवत होती? उत्तर माहीत नसेल, तर माहीत असणाऱ्याला फोन लावूया. माझ्या मते आपल्या जीवदयेत नेमका हा फोन राहून जातो.

जय जिनेंद्र.